बीपचा तक्ता शोधण्याआधी रॅम काढून ऐका

प्रश्न थोडक्यात असा आहे. सहा-सात वर्षं जुन्या डेस्कटॉपचं कॅबिनेट उघडून धूळ साफ केली, त्याच बैठकीत ८ जीबीची आणखी एक रॅम बसवली. आता बटण दाबलं की पंखे फिरतात, एक लांब आणि दोन छोट्या बीप वाजतात, थोडं थांबून पुन्हा तेच, आणि स्क्रीन काळीच राहते. इंटरनेटवरच्या तक्त्यात याचा अर्थ ‘ग्राफिक्स कार्ड खराब’ असा मिळाला. ओळखीतला एक जण म्हणतो, मदरबोर्ड गेला. तर विकत काय घ्यायचं, कार्ड की बोर्ड?

आज तरी दोन्ही घेऊ नका. तुमच्या वर्णनात सगळ्यात महत्त्वाचं वाक्य बीपचं नाहीच, ‘त्याच बैठकीत रॅम बसवली’ हे आहे. चालत्या मशीनमध्ये हात घातला आणि मग ते बंद पडलं, तर संशय आधी हात लागलेल्या वस्तूंवर घ्यायचा. ग्राफिक्स कार्ड नेमकं त्याच दिवशी आपल्या मरणाने मेलं, असं होऊ शकतं, पण क्वचित.

आता बीपकडे येऊ. बटण दाबल्यावर एसएमपीएसचे (कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्याचे) व्होल्टेज स्थिर झाले की तो बोर्डाला ‘पॉवर गुड’ असा इशारा देतो. याला साधारण १०० ते ५०० मिलिसेकंद लागतात. मग प्रोसेसर बायॉसच्या चिपमधला प्रोग्रॅम, म्हणजे मशीन सुरू करून देणारा बोर्डावरचा पहिला प्रोग्रॅम, चालवायला घेतो. तो प्रोग्रॅम क्रमाने पुढे जातो: प्रोसेसर आणि चिपसेट (बोर्डावरचे भाग एकमेकांना जोडणारी चिप), मग मेमरी म्हणजे रॅम, मग ग्राफिक्स, मग कीबोर्ड आणि डिस्क वगैरे. ग्राफिक्स सुरू होईपर्यंत स्क्रीनवर एक अक्षरही उमटवता येत नाही, म्हणून तोवरची तक्रार स्पीकरवर सांगायची, ही सोय आयबीएमच्या १९८१ च्या पीसीपासून चालत आली आहे. यातून दोन गोष्टी निघतात. एक, हार्ड डिस्क किंवा विंडोज बिघडलं तर सहसा बीप होत नाही, कारण तिथवर पोचेपर्यंत स्क्रीन चालू झालेली असते. त्यामुळे या दुखण्यावर विंडोज पुन्हा टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर सोडून द्या. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. बीप सांगते ती चाचणी कुठे अडकली ते. कुठला भाग मेला ते ती सांगत नाही. गाडी घाटात जिथे थांबली, तिथल्या रस्त्याचाच दोष असतो असं नाही.

तक्त्यांचं म्हणाल तर ते एकमेकांशी जुळत नाहीत, आणि तुमचीच बीप त्याचं उत्तम उदाहरण आहे. एक लांब दोन छोट्या म्हणजे डिस्प्लेची अडचण, हा अर्थ आयबीएमच्या मूळ पीसीपासूनचा आणि पुढे अवॉर्ड बायॉसमध्येही तोच (अवॉर्ड, एएमआय, फिनिक्स ही बायॉस बनवणाऱ्यांची नावं). तुम्हाला सापडलेला तक्ता बहुधा तिथूनच आला असणार. पण असूसच्या बोर्डांवर एक लांब दोन छोट्या म्हणजे ‘मेमरी सापडली नाही’. ग्राफिक्स सापडलं नाही तर तिथे एक लांब तीन छोट्या वाजतात. जुन्या एएमआय बायॉसमध्ये नुसत्या छोट्या बीप मोजायच्या: तीन म्हणजे सुरुवातीच्या ६४ केबी मेमरीत दोष, पाच म्हणजे प्रोसेसर, आठ म्हणजे डिस्प्लेची मेमरी. फिनिक्सचे संकेत गटांत येतात, उदाहरणार्थ १-३-४-१, म्हणजे एक बीप, विराम, तीन बीप, विराम असं. डेलच्या बऱ्याच मशीनवर दोन बीप म्हणजे रॅम सापडली नाही, चार म्हणजे रॅम सापडली पण नीट वाचता-लिहिता येत नाही, पाच म्हणजे बोर्डावरचा बटण सेल संपला, सहा म्हणजे ग्राफिक्स. एचपीच्या गेल्या काही वर्षांतल्या मशीनवर लांब बीप विभाग सांगतात आणि छोट्या बीप तपशील. तीन लांब दोन छोट्या म्हणजे मेमरीपाशी अडकलं. मशीन कुणाचं हे माहीत नसताना तक्ता वाचणं म्हणजे नाणेफेकच.

म्हणून आधी बोर्डाचं मॉडेल शोधा. ते बहुतेक वेळा बोर्डावरच, रॅमच्या स्लॉटजवळ किंवा ग्राफिक्स कार्डाच्या स्लॉटच्या आसपास मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. बारकोडच्या चिकटपट्टीवरचा सीरियल नंबर म्हणजे मॉडेल नव्हे. मॉडेल मिळालं की कंपनीचं मॅन्युअल उतरवून त्यातला तक्ता बघा. ब्रँडेड डेस्कटॉप असेल तर कॅबिनेटवरचं मॉडेल पुरतं.

मोजताना कानावर विसंबू नका, मोबाइलवर रेकॉर्ड करा. बटण दाबायच्या आधीपासून सुरू करून तीन-चार फेऱ्या होऊ द्या. संकेत पुन्हापुन्हा वाजत असतो, त्यामुळे मधूनच ऐकायला सुरुवात केली तर ‘एक लांब दोन छोट्या’ आणि ‘दोन छोट्या एक लांब’ यांत फरक कळत नाही. शिवाय काही एएमआय बायॉस सुरुवातीला सापडलेल्या प्रत्येक यूएसबी उपकरणासाठी एकेक छोटी बीप देतात, तीही मोजणीत घुसते. म्हणून पेन ड्राइव्ह, प्रिंटर, वेबकॅम सगळं काढा, कीबोर्डसुद्धा. आणि हो, आवाज कॅबिनेटमधूनच येतोय ना, एवढं बघा. यूपीएसच्या बीपला बायॉसचा संकेत समजून मदरबोर्ड बदलायला निघालेले लोक मी पाहिले आहेत.

आता माझ्या कामाची पद्धत सांगतो. हिच्यासाठी तक्ता लागतच नाही, किंवा असं म्हणा की मशीनकडूनच तक्ता काढून घेता येतो.

आधी मुख्य स्विच बंद करा, वायर भिंतीतून काढा, आणि मग कॅबिनेटचं बटण दहा सेकंद दाबून धरा. बोर्डावर स्टँडबायचा दिवा असेल तर तो विझलेला दिसला पाहिजे. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून मग रॅमला हात घाला. रॅम काढण्या-घालण्याच्या प्रत्येक वेळी हे करायचं. स्टँडबायचे, म्हणजे मशीन बंद असतानाही बोर्डावर राहणारे, ५ व्होल्ट चालू असताना रॅम ओढली तर धडधाकट रॅमही जाऊ शकते.

पहिली पायरी: नवी रॅम काढा. जुनी रॅम तिच्या मूळ स्लॉटमध्ये, जशी आधी होती तशीच ठेवा आणि चालू करा. स्क्रीन आली तर निम्मा प्रश्न सुटला, उरला तो नव्या रॅमचा. ती खराबच असेल असं नाही. जुन्या बोर्डांची काही बंधनं असतात. डीडीआर-३ या रॅमच्या जुन्या पिढीच्या काळातल्या काही चिपसेटना एका स्लॉटमध्ये ४ जीबीपेक्षा मोठी रॅम कळत नाही. त्याच पिढीत ८ जीबीच्या काही स्वस्त रॅम अशा विकल्या जातात की त्या फक्त एएमडीच्या बोर्डांवर चालतात. त्यांच्या चिपची रचना वेगळी असते आणि इंटेलच्या बोर्डावर त्या हमखास काळी स्क्रीन देतात. रॅमच्या वर्णनात बारीक अक्षरांत ‘एएमडी’ लिहिलंय का ते बघा.

स्क्रीन आली नाही तर जुनी रॅम बाहेर काढून पुन्हा बसवा, आणि बसवताना घाई करू नका. मला सर्वांत जास्त वेळा दिसणारा दोष इतका साधा आहे की लोकांना तो सांगितला की राग येतो: रॅम एका टोकाला बसलेली आणि दुसऱ्या टोकाला अर्धा मिलिमीटर वर. काही बोर्डांवर एकाच बाजूला लॅच (रॅम अडकवून ठेवणारा खटका) असतो. तिथे हे फारच सहज होतं, लॅचच्या बाजूला ‘टक्’ वाजतं आणि आपण खूश होतो. स्लॉटच्या पातळीवर डोळा आणून बाजूने बघा. सोनेरी पट्ट्यांची रेघ दोन्ही टोकांना सारखीच झाकलेली दिसली पाहिजे. एका टोकाला ती जराशी जास्त उघडी दिसत असेल तर अंगठ्याने त्या टोकावर सरळ खाली दाब द्या. बराच जोर लागतो. बोर्ड किंचित वाकतो, पण भिऊ नका.

खोडरबरबद्दल. पट्ट्या खोडरबरने घासायचा उपाय सगळेच सांगतात, आणि तो चालतोही. पण रबर त्या पट्ट्यांवरचा सोन्याचा पातळ मुलामा झिजवतं आणि त्याचे कण स्लॉटमध्ये पडतात. मी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि न तंतू सोडणारं कापड वापरतो. ते नसेल तर रबर चालेल, पण मऊ, पांढरं, हलक्या हाताने, आणि कण झटकून मगच रॅम आत. तुमच्या बाबतीत स्लॉट स्वतः जास्त संशयास्पद आहेत. आपण धूळ उडवतो तेव्हा ती कॅबिनेटमधून सगळी बाहेर जात नाही, बरीचशी खोलगट जागी जाऊन बसते. रिकाम्या पडलेल्या रॅम स्लॉटपेक्षा खोलगट जागा बोर्डावर कुठे आहे? टॉर्च मारून बघा, आणि ब्लोअरने स्लॉटच्या लांबीच्या दिशेने हवा मारा. टाचणी, दाढीचं ब्रश असलं काही आत घालू नका.

तरीही तेच? मग खरी परीक्षा. सगळ्या रॅम काढा. एकही नको. वायर लावा, चालू करा आणि ऐका. हे करायला लोक घाबरतात, पण रॅमशिवाय बोर्ड चालू केल्याने काही बिघडत नाही.

इथे तीन शक्यता आहेत. रॅमशिवायही हुबेहूब एक लांब दोन छोट्याच वाजल्या, तर तुमच्या बोर्डाच्या भाषेत त्याचा अर्थ ‘मेमरी नाही’ असा आहे, आणि रॅम लावलेली असतानाही त्याला ती दिसत नव्हती. ग्राफिक्स कार्ड या प्रकरणातून सुटलं. दुसरी शक्यता, संकेत बदलला, म्हणजे आता लांबलचक बीप एकामागून एक वाजतायत किंवा भलतंच काही. मग मघाशी बोर्डाला मेमरी निदान दिसत तरी होती आणि तो बहुधा पुढच्या पायरीवर, म्हणजे ग्राफिक्सपाशी अडकत होता. ‘बहुधा’ अशासाठी की डेलसारख्या काही मशीनवर ‘रॅम नाही’ आणि ‘रॅम आहे पण सदोष आहे’ यांना वेगळे संकेत असतात, तेव्हा हा निष्कर्ष मॅन्युअलशी ताडून घ्यायचा. तिसरी शक्यता, काहीच वाजलं नाही. स्पीकर जागेवर आहे हे आपल्याला आधीच्या बीपवरून माहीत आहे, म्हणून तुमच्या बाबतीत हे विचित्र ठरेल, आणि तसं झालं तर आधी हात लागून कुठली वायर निघाली का ते बघा.

या चाचणीची आणखी एक मिळकत आहे. रॅम नसताना बोर्ड बीप देतो, याचा अर्थ प्रोसेसर चालतोय, बायॉसचा प्रोग्रॅम वाचला जातोय आणि बोर्डाचा बराच भाग जिवंत आहे. मेलेला बोर्ड बोलत नाही. ‘बोर्ड गेला’ म्हणणाऱ्या तुमच्या ओळखीच्या माणसाला एवढं ऐकवा. बोर्डाचा एखादा स्लॉट किंवा एखादी वाट खराब असू शकते, ते मी नाकारत नाही. पण तो निष्कर्ष बाकी सगळं तपासून झाल्यावर, शेवटी काढायचा असतो.

समजा, मेमरीचाच दोष निघाला. तर एकच रॅम घेऊन प्रत्येक स्लॉटमध्ये फिरवा, मग दुसरी घेऊन तसंच. रॅम बदलली की दोष बदलतो, तर रॅम. स्लॉट बदलला की दोष बदलतो, तर स्लॉट. चार स्लॉट असतील तर एकटी रॅम सहसा प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये लावायची असते, पण मॅन्युअल सांगेल ते खरं. दोन्ही रॅम सगळ्या स्लॉटमध्ये नापास झाल्या, तर दोन्ही एकदम मेल्या असं समजू नका. तेव्हा प्रोसेसरकडे वळा.

हे बऱ्याच जणांना पटत नाही, म्हणून थोडं खुलासेवार. पूर्वी मेमरी सांभाळणारा कंट्रोलर बोर्डावरच्या चिपसेटमध्ये असायचा. एएमडीने तो २००३ मध्ये अ‍ॅथलॉन ६४ बरोबर प्रोसेसरच्या आत नेला, इंटेलने २००८ मध्ये पहिल्या कोअर आय-७ बरोबर. तेव्हापासून रॅमच्या वायरी थेट प्रोसेसरच्या सॉकेटमध्ये जातात. सॉकेटची एखादी पिन वाकली, तिच्यावर पेस्टचा (प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये लावतात त्या लेपाचा) ठिपका पडला किंवा कूलरचे स्क्रू एका बाजूला जास्त आवळले गेले, तरी बोर्ड ओरडतो ‘मेमरी नाही’ म्हणून. म्हणून माझा तुम्हाला थेट प्रश्न: साफसफाईत प्रोसेसरवरचा कूलर काढला होता का? काढला असेल तर मेमरीच्या बीपवर माझा पहिला संशय रॅमवर नाही, तिथे आहे. चारही स्क्रू सैल करून कर्णरेषेत, थोडे थोडे आवळून बघा. एएमडीच्या जुन्या सॉकेटवर सुकलेल्या पेस्टमुळे कूलरबरोबर प्रोसेसरही उपटून हातात येतो आणि त्याच्या पिना वाकतात. तसं काही झालं असेल तर मोठ्या उजेडात, भिंग घेऊन, एकेक रांग बघावी लागेल.

संकेत ग्राफिक्सकडे बोट दाखवत असेल तर मार्ग सोपा आहे. कार्ड असेल तर ते काढा, स्लॉटमध्ये हवा मारा, पुन्हा बसवा, टोकाचं क्लिप लागलं का बघा, आणि कार्डाला स्वतंत्र ६ किंवा ८ पिनांची वीज लागत असेल तर ती वायर पुन्हा जोडली का ते तपासा. साफसफाईनंतर ही वायर लोंबकळत राहणं नेहमीचंच. प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स असेल तर कार्ड पूर्ण बाहेर ठेवून मॉनिटर बोर्डाच्या पोर्टला लावून बघा. स्क्रीन आली तर कार्ड किंवा त्याची वीज, एवढ्यावर शोध येऊन थांबतो. पण इंटेलच्या ‘एफ’ अक्षराच्या प्रोसेसरमध्ये आणि रायझनच्या ५००० पर्यंतच्या मालिकांत ‘जी’ अक्षर नसलेल्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतं. त्यांच्यावर हा प्रयोग केला तर काळीच स्क्रीन दिसेल आणि तुम्ही उगाच बोर्डाला दोष द्याल.

मध्येच एकदा सीमॉस रिसेट करून घ्या, म्हणजे बायॉसमध्ये साठवलेली सेटिंग पुसून मूळ स्थितीवर आणा. रॅम बदलल्यावर बायॉसमध्ये जुन्या रॅमचा वेग आणि टायमिंग साठवलेलं राहतं आणि ते नव्या जोडीला झेपत नाही, असं होतं, विशेषतः एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवण्याचं सेटिंग) चालू केलेलं असेल तर. वीज पूर्ण बंद करून बटण सेल पाच-दहा मिनिटं बाहेर ठेवा किंवा मॅन्युअलमध्ये दाखवलेला जंपर वापरा. सेल बाहेर आहेच तर मल्टीमीटरने मोजा: नवा ३ व्होल्टच्या थोडा वर दाखवतो, २.७ च्या खाली असेल तर बदला. नुसत्या मेलेल्या सेलमुळे डेस्कटॉप काळा पडणं विरळाच. तारीख मागे जाणं हे त्याचं खरं लक्षण.

एसएमपीएसवर मी इथे फार वेळ घालवणार नाही. तो अशक्त असेल तर मशीन बीप देण्याऐवजी मध्येच बंद पडतं किंवा चालू-बंद होत राहतं. फक्त पंखे फिरतात म्हणून त्याला चांगुलपणाचा दाखला देऊ नका. १२ व्होल्टच्या वायरीवर ११.४ ते १२.६ च्या दरम्यान आकडा हवा, आणि प्रोसेसरजवळची ४ किंवा ८ पिनांची वेगळी वायर जोडलेली हवी.

हे वाचणाऱ्या आणखी कुणाचं मशीन नवं असेल तर तिथे मुळात बीपच ऐकू येणार नाही. आजकाल बोर्डाबरोबर स्पीकर देत नाहीत, त्याऐवजी सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स) आणि बूट असे चार छोटे दिवे असतात. ज्याच्यापाशी अडकलं तो पेटलेला राहतो. तर्क वरचाच. एक फरक ध्यानात ठेवा: डीडीआर-५ च्या बोर्डावर रॅम बदलल्यावर पहिल्यांदा चालू होताना मेमरीची जुळवणी चालते आणि कित्येक मिनिटं स्क्रीन काळी राहू शकते. डीरॅमचा दिवा पाहून लगेच बटण बंद करू नका. लॅपटॉपची गोष्ट वेगळी. त्यात रॅम बोर्डावरच डकवलेली असू शकते, आणि संकेत कॅप्स लॉकच्या किंवा चार्जिंगच्या दिव्याच्या उघडझापीतून येतात. तिथे बॅटरी सोडवल्याशिवाय आत हात घालू नका.

मशीन सुरू झालं तर आनंदाच्या भरात लगेच कॅबिनेट बंद करू नका. नुसतं काढून-घालून सुरू झालं असेल तर पट्ट्यांवरचा थर घासला गेला, एवढंच सिद्ध होतं. पेन ड्राइव्हवर मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम घेऊन दोन्ही रॅम लावून रात्रभर चालवा. एकही लाल ओळ आली तर एकेक रॅम वेगळी चालवून कोणती ते शोधा. ‘एकच तर चूक आहे’ म्हणून तशीच रॅम वापरलीत तर पुढे फायली खराब होतात आणि तेव्हा दोष डिस्कला जातो.

एवढं करूनही एक लांब दोन छोट्या तशाच राहिल्या, तर पुढचं सांगायला मला चार गोष्टी लागतील: बोर्डाचं मॉडेल, प्रोसेसरचं पूर्ण नाव शेवटच्या अक्षरासकट, कूलर काढला होता की नाही, आणि सगळ्या रॅम काढल्यावर नेमकं काय वाजलं. शेवटची गोष्ट शब्दांत लिहिण्यापेक्षा रेकॉर्डिंगच पाठवा.